किशोरवयीन स्कोलिओसिस शस्त्रक्रियेनंतर शाळेत परतणे

पाठीचा कणा एका बाजूस वळणे आणि त्यासोबत स्वतःभोवती पिळला जाणे, या विकृतीस स्कोलिओसिस असे म्हणतात. ही वक्रता फार वाढल्यास किशोरवयात शस्त्रक्रिया करून मणके शक्य तितके सरळ रेषेत आणले जातात व एकमेकांशी कायमचे सांधले जातात. शस्त्रक्रियेनंतर विद्यार्थी शाळा, खेळ व दैनंदिन व्यवहार यांत टप्प्याटप्प्याने कसा परततो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. वर्गात बसणे साधारणपणे ३ ते ६ आठवड्यांत शक्य होते. मैदानावर पूर्णपणे परतण्यास मात्र अनेक महिने, काही खेळांसाठी वर्षही लागते. मधल्या काळात मूल चालते-बोलते, हसते-खेळते, पाहणाऱ्यास पूर्ण बरे वाटते. पाठीतील हाड मात्र अजून जुळून यायचे असते. शाळेत व घरात होणारे बहुतेक गैरसमज या विसंगतीतून उद्भवतात.

आजार व शस्त्रक्रिया

उभ्याने काढलेल्या क्ष-किरण चित्रात कण्याची बाजूची वक्रता १० अंश किंवा त्याहून अधिक भरल्यास तिला स्कोलिओसिस म्हटले जाते. हा कोन मोजण्याची पद्धत अमेरिकी अस्थिशल्यविशारद जॉन कॉब यांनी १९४८ साली मांडली. म्हणून त्यास कॉब कोन असे नाव पडले. निश्चित कारण न सापडता साधारण १० ते १८ या वयात दिसून येणारा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. शंभर किशोरवयीनांमागे सुमारे २ ते ३ जणांत तो असतो व त्यांतील बहुतेकांना केवळ देखरेख पुरते. वाढ शिल्लक असताना कोन २५ ते ४० अंशांच्या दरम्यान गेल्यास ब्रेस नावाचा कडक पट्टा वापरतात आणि ४५ ते ५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. जड दप्तराने किंवा वाकून बसण्याने हा आजार होतो, हा समज सर्वत्र रूढ असला तरी त्यास आधार नाही. मुलीच्या पाठीचा दोष तिच्या बसण्याच्या सवयीवर ढकलून तिला वर्षानुवर्षे बोलणी खावी लागतात, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

मोठ्या वक्रतेच्या रुग्णांत मुलींची संख्या मुलांच्या अनेक पट असते. म्हणून यापुढे या लेखात ‘विद्यार्थिनी’ असा उल्लेख केला आहे. माहिती मुलांनाही तितकीच लागू आहे.

प्रचलित शस्त्रक्रियेत पाठीच्या मध्यरेषेवर उभा छेद घेऊन निवडक मणक्यांत स्क्रू बसवतात, त्यांत टिटॅनियम किंवा तत्सम मिश्रधातूच्या दोन सळ्या अडकवून कणा सरळ करतात आणि मणक्यांच्या पृष्ठभागावर हाडाचे कलम पसरतात. हे कलम हळूहळू रुजून अनेक मणक्यांचे मिळून एकच अखंड हाड तयार होते. घराचा स्लॅब टाकताना काँक्रीट घट्ट होईपर्यंत खालून सेंटरिंगचा आधार द्यावा लागतो, तसेच काम या सळ्या करतात. फरक इतकाच, की काँक्रीटला काही आठवडे पुरतात, हाडाला ६ ते १२ महिने लागतात. आणि सेंटरिंग काढून घेतात, सळ्या मात्र बहुधा आयुष्यभर आतच राहतात. हाड जुळलेच नाही, तर वारंवार वाकवलेली तार जशी शेवटी तुटते, तशी धातूची सळीही कालांतराने तुटू शकते. पुढे येणारी सर्व बंधने या एका कारणापोटी आहेत.

मणके सांधण्याची शस्त्रक्रिया न्यूयॉर्कचे रसेल हिब्स यांनी १९११ पासून रूढ केली. ह्यूस्टन येथील पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओग्रस्त मुलांवर उपचार करताना धातूची सळी विकसित केली व १९६२ साली त्या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळात शस्त्रक्रियेनंतर मुलांना कित्येक महिने प्लास्टरच्या कवचात राहावे लागे. शाळेचे एखादे वर्ष सहज बुडे. १९८० च्या दशकात फ्रान्समधील कोत्रेल व द्युबुसे यांनी कण्यास अनेक ठिकाणी पकडणारी दोन सळ्यांची रचना आणली आणि पुढे मणक्यांत थेट बसणारे स्क्रू आले. पकड भक्कम झाल्याने प्लास्टर मागे पडले. आता विद्यार्थिनीला बहुधा दुसऱ्याच दिवशी उभे करतात व ३ ते ७ दिवसांत घरी पाठवतात. जुन्या पिढीतील नातेवाइकांच्या मनात मात्र अजून प्लास्टरचे चित्र असते आणि ‘वर्षभर अंथरुणातून उठू नकोस’ असा सल्ला मायेपोटी दिला जातो. तो आज गैरलागू आहे.

घरातील पहिले आठवडे

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वेदना, थकवा, अन्नावरची वासना उडणे व झोपमोड हे नित्याचे असते. तीव्र वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठ होतो. त्यासाठी पाणी, तंतुमय आहार व डॉक्टरांनी दिलेले औषध आवश्यक ठरते. वजन थोडे घटते. प्रथिने, लोह व कॅल्शियम यांनी युक्त आहार हाडाच्या जुळणीस हवाच असतो. उपवास व पथ्याच्या नावाखाली आहार तोडणे या काळात अहितकारक आहे.

उपचार म्हणून सांगितला जाणारा मुख्य व्यायाम म्हणजे चालणे. आरंभी घरातल्या घरात, मग गच्चीवर किंवा अंगणात, दिवसातून अनेकदा थोडे थोडे चालून अंतर वाढवत नेतात. जिने चढणे-उतरणे रुग्णालयातच शिकवले जाते व त्यास सहसा मनाई नसते.

मनाई असते ती वाकणे, वजन उचलणे व कंबरेत पिळणे या तीन हालचालींना. पाश्चात्त्य पुस्तिकांतील सूचना खाट, खुर्ची व शॉवर गृहीत धरून लिहिलेल्या असतात. आपल्याकडील घरांत या तीन हालचाली वेगळ्याच ठिकाणी दडलेल्या असतात. बादलीत वाकून तांब्याने पाणी घेणे, जमिनीवरचे अंथरूण गोळा करणे, ताटावर बसण्यासाठी खाली टेकणे, केर काढणे, पाण्याची कळशी उचलणे, खाली बसण्याच्या शौचालयातून उठणे, या प्रत्येकात पाठ वाकते किंवा ओझे घेते. त्यामुळे बादली स्टुलावर ठेवणे, उंच पलंगावर झोपणे, काही आठवडे कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरणे, अशी सोय शस्त्रक्रियेपूर्वीच करून ठेवणे इष्ट असते. खाली पडलेली पेन्सिल उचलायची झाल्यास पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत बसावे लागते. अंथरुणातून उठतानाही आधी कुशीवर वळून, खांदे व कंबर एकदम वळवून, हाताच्या रेट्याने उठावे असे शिकवतात.

शाळेचे वर्ष व शस्त्रक्रियेची वेळ

महाराष्ट्रातील बहुतांश शाळा एप्रिलअखेर किंवा मेच्या आरंभी सुटतात व जूनच्या मध्यास उघडतात. विदर्भात उन्हाळ्यामुळे त्या जूनच्या अखेरीस सुरू होतात. परीक्षा संपताच शस्त्रक्रिया झाल्यास ६ ते ८ आठवडे सुटीतच निघून जातात, म्हणून अनेक कुटुंबे हा काळ निवडतात. त्यात एक व्यावहारिक अडचण आहे, ती म्हणजे पावसाळा. शाळा उघडते तेव्हा पायऱ्या ओल्या, व्हरांडे निसरडे व मैदानात चिखल असतो आणि हाड जेमतेम दोन महिन्यांचे असते. न घसरणारी पादत्राणे व छत्रीऐवजी रेनकोट, म्हणजे दोन्ही हात मोकळे, ही साधी दक्षता त्यावर पुरेशी असते.

दिवाळीची सुटी त्या मानाने तोकडी पडते. दहावी-बारावीच्या मंडळाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. ऑक्टोबरनंतर शस्त्रक्रिया झालेल्या विद्यार्थिनीला सराव परीक्षा व प्रात्यक्षिके सांभाळणे जड जाते. तथापि केवळ परीक्षेसाठी शस्त्रक्रिया पुढे ढकलावी की नाही, हा निर्णय वक्रता किती वेगाने वाढते आहे यावर अवलंबून असतो व तो शल्यविशारदाशी बोलूनच घ्यावा लागतो. वाढीच्या ऐन भरात काही महिन्यांतही कोन लक्षणीय वाढू शकतो. परीक्षा पुरवणी सत्रात देता येते.

तीव्र वेदनाशामके बंद होणे, जखम भरून येणे आणि सलग काही वेळ खुर्चीत बसता येणे, या तीन गोष्टी जमल्या की शाळेचा विचार करतात. पहिला एक-दोन आठवडे अर्धा दिवस किंवा एक दिवसाआड जाणे सोयीचे पडते. दुपारनंतर थकवा येणे हे आळसाचे लक्षण समजू नये. रक्तस्राव व जखम भरण्याची प्रक्रिया यांमुळे हा थकवा काही आठवडे, कधी दोन-तीन महिनेही टिकतो. त्याच काळात शाळा, संध्याकाळचा क्लास व बुडालेला अभ्यास हे तिन्ही एकदम सुरू केल्यास विद्यार्थिनी कोलमडते. तिन्हींपैकी क्लास सर्वांत शेवटी सुरू करावा, असे प्रस्तुत लेखकाचे शाळेतील अनुभवावरून मत आहे.

जाण्या-येण्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. दुचाकीवर मागे बसून खड्ड्यांचे दणके खाणे व दाटीवाटीने भरलेल्या रिक्षेत तिरके बसणे पहिले काही महिने टाळतात. शाळेच्या बसमध्ये मागच्या चाकावरील आसनापेक्षा मधले आसन बरे.

वर्गातील सोयी

शाळेने करावयाच्या गोष्टी बहुतांशी बिनखर्चाच्या आहेत. त्यांतील पहिली दप्तराची. केंद्र सरकारच्या २०२० च्या शालेय दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक असू नये. म्हणजे ४५ किलो वजनाच्या मुलीसाठी साडेचार किलो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे मात्र बहुतेक शल्यविशारद दोन ते चार किलोंहून अधिक वजन उचलू देत नाहीत. पाण्याची बाटली, डबा व दोन-तीन वह्यांतच ती मर्यादा संपते. पुस्तकांचा एक संच शाळेत व एक घरी ठेवणे हा सर्वांत सुटसुटीत उपाय होय. मागच्या वर्षीच्या विद्यार्थ्यांची जुनी पुस्तके त्यासाठी सहज मिळतात. मैत्रिणीने दप्तर वाहणे ही सोय आठवडाभर उत्साहाने चालते. पुढे दोघींनाही संकोच वाटू लागतो.

बाकाचा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. पाठ नसलेले लांब बाक अनेक शाळांत आजही आहेत व काही वर्ग जमिनीवर पट्ट्या अंथरून भरतात. शस्त्रक्रिया झालेल्या विद्यार्थिनीस पाठीला टेकू असलेली, पाय जमिनीला टेकतील इतक्या उंचीची खुर्ची हवी. तिची जागा फळ्यासमोर असावी. बाजूला बसल्यास फळा पाहण्यासाठी सतत वळावे लागते आणि सांधलेल्या भागात ते वळणे होत नसल्याने मान अवघडते. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून उभे राहण्याची मुभा द्यावी. दर वेळी हात वर करून सर्वांदेखत परवानगी मागावी लागली, तर ती मागणारच नाही. तेव्हा एकदाच सांगून ठेवलेले बरे. वर्ग वरच्या मजल्यावर असल्यास तास संपण्यापूर्वी पाच मिनिटे सोडल्याने जिन्यातील रेटारेटी चुकते. प्रयोगशाळेत उंच टेबल असते तेथे ती सुखाने काम करू शकते. चित्रकला, रांगोळी वा प्रकल्पकाम जमिनीवर बसून असेल तेथे टेबलाची सोय लागते.

शस्त्रक्रियेत कणा सरळ झाल्याने उंची एकदम २ ते ५ सेंटिमीटर वाढल्याचे अनेकींत आढळते. उन्हाळ्याच्या आरंभी शिवलेला गणवेश जूनमध्ये आखूड होतो. म्हणून नवा गणवेश नंतरच शिवावा. कंबरेचा पट्टा व मानेजवळची शिवण व्रणावर घासणार नाही, हेही पाहावे.

बुडालेल्या उपस्थितीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र वेळीच शाळेत द्यावे लागते. स्कोलिओसिसची शस्त्रक्रिया झाली म्हणून विद्यार्थिनी आपोआप दिव्यांग ठरत नाही. बहुसंख्य मुली पुढे कोणत्याही सवलतीविना शिकतात. मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचे विकार इत्यादींमुळे कणा वळलेल्या मुलांची गोष्ट वेगळी असते. त्यांना दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार शाळेकडून वाजवी सोयी मिळण्याचा हक्क आहे आणि त्यांच्या पुनरागमनाचे वेळापत्रकही निराळे असते.

शारीरिक शिक्षण व खेळ

मैदानावर परतण्याच्या तारखांबाबत सर्व शल्यविशारदांत एकमत नाही. सांधलेल्या मणक्यांची संख्या, पकडीचा भक्कमपणा व हाडाची प्रत यांनुसार सल्ला बदलतो आणि प्रत्येकीसाठी तिच्या शल्यविशारदाचा शब्द अंतिम मानावा लागतो. स्थूलमानाने क्रम असा असतो: चालणे पहिल्या दिवसापासून, पोहणे जखम पूर्ण भरल्यावर, साधारण दीड ते तीन महिन्यांनी, हलके धावणे, सपाट रस्त्यावर सायकल व अंगाला अंग न लागणारे खेळ ३ ते ६ महिन्यांनी, कबड्डी, फुटबॉल यांसारखे झटापटीचे खेळ ६ ते १२ महिन्यांनी. गेल्या दोन-तीन दशकांत या मर्यादा सातत्याने अलीकडे आल्या आहेत. ज्यात मणके न सांधता लवचीक दोरीने वक्रता आवरतात, अशा टेदरिंग शस्त्रक्रियेला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये मर्यादित मान्यता दिली. तिच्यानंतर मैदानावर सामान्यतः लवकर परतता येते.

खेळ कोणता, यापेक्षा त्यात पाठीला काय करावे लागते, हे पाहणे उपयुक्त ठरते. खो-खोत खांबाभोवती झटकन वळणे व खाली बसलेल्या स्थितीतून उठून धावणे असते; लेझमीत तालावर वाकणे असते; मल्लखांबात पाठीची कमान व उंचावरून पडण्याचा धोका दोन्ही असतात. दहीहंडीच्या थरांत खांद्यावर माणसाचा भार येतो. त्यात भाग घेणे कधीच श्रेयस्कर नाही. सूर्यनमस्काराबद्दल पालक आवर्जून विचारतात. छातीच्या भागातील मणके बरगड्यांमुळे मुळातच थोडे हलतात. पुढे वाकण्याचा मोठा हिस्सा खुबा व कंबरेचे खालचे मणके उचलतात. त्यामुळे केवळ छातीचा भाग सांधलेली मुलगी वर्षभरानंतर पायाचे अंगठे धरू शकते हे पाहून लोक चकित होतात. सांधणी कंबरेत खालपर्यंत गेली असल्यास मात्र पुढे-मागे वाकण्यावर कायमची मर्यादा राहते. भरतनाट्यम्‌सारख्या नृत्यातही हाच हिशेब लागू होतो; पदन्यास व हस्तमुद्रा आधी सुरू होतात, अंगाची वळणे शेवटी.

या महिन्यांत शारीरिक शिक्षणाच्या तासाला विद्यार्थिनीस वर्गात एकटे बसवून ‘दप्तरांवर लक्ष ठेव’ असे सांगण्याची पद्धत शाळाशाळांतून दिसते. तिने मैदानाच्या कडेला उभे राहून गुणलेखन करावे, वेळ मोजावी, पंच व्हावे, फेऱ्या चालाव्यात. चालणे तिला सांगितलेलेच असते. याउलट, मुदत संपून डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावरही शाळा किंवा पालक भीतीने तिला खेळू देत नाहीत, असेही वारंवार घडते. हाड पूर्ण जुळल्यानंतर बहुसंख्य मुली पूर्वीच्या खेळात परततात. अमेरिकी गोल्फपटू स्टेसी लुईस यांनी शालेय वयात साडेसात वर्षे ब्रेस वापरला व त्यानंतर त्यांच्या पाठीत एक सळी व पाच स्क्रू बसवण्यात आले. कंबरेच्या पिळावर बेतलेल्या या खेळात त्यांनी पुढे २०११ व २०१३ साली प्रमुख स्पर्धा जिंकल्या आणि २०१३ मध्ये जागतिक क्रमवारीत पहिले स्थान मिळवले.

मन, मैत्रिणी व नातलग

शस्त्रक्रियेपूर्वी एक खांदा उंच, पाठीवर एका बाजूस उंचवटा, यांमुळे चिडवले जाण्याचा अनुभव पुष्कळ मुलींनी घेतलेला असतो. शस्त्रक्रियेनंतर पाठ सरळ होते, पण तिच्यावर लांब व्रण येतो व व्रणाभोवती काही काळ, कधी कायमची, बधिरता राहते. आरशातील नवे शरीर आपलेसे होण्यास वेळ लागतो. डोळे जुन्या तिरकेपणाला सरावलेले असल्याने प्रथम सरळ उभे राहणेच तिरके वाटते. वर्गात पहिल्या दिवशी सगळे प्रश्न विचारणार हे गृहीत धरून किती सांगायचे, हे तिला ठरवू द्यावे. शिक्षकांनी तिच्या संमतीविना वर्गापुढे माहिती देणे योग्य नव्हे.

ब्रिटिश राजघराण्यातील राजकन्या युजेनी यांच्यावर २००२ साली बाराव्या वर्षी लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया झाली. २०१८ मध्ये स्वतःच्या विवाहात त्यांनी मागून खोल गळ्याचा पोशाख जाणीवपूर्वक निवडला, जेणेकरून व्रण दिसावा. आपल्याकडे याच्या नेमके उलट, व्रण दिसू नये म्हणून ब्लाउजचा गळा वर घेणे व शस्त्रक्रियेची वाच्यता न करणे याकडे घरच्यांचा कल असतो. त्यामागे लग्नाची चिंता असते आणि ती चौदा वर्षांच्या मुलीच्या कानावर पडतच असते. वैद्यकीयदृष्ट्या, कणा सांधलेल्या बहुसंख्य स्त्रियांची गर्भधारणा व बाळंतपण सामान्यपणे होते.

धोक्याची लक्षणे

ताप, जखमेतून पाणी किंवा पू येणे, व्रण लाल होऊन सुजणे, कमी होत आलेली वेदना पुन्हा वाढणे, पायांत नवी मुंग्या-बधिरता वा अशक्तपणा, लघवी-शौचावरील ताबा सुटणे, सतत हिरवट उलट्या होणे, तसेच दम लागणे वा पिंढरीस सूज येणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालयाशी संपर्क साधावा लागतो. शाळेत पडल्यास वेदना नसली तरी पालकांना कळवणे आवश्यक असते. वर्गशिक्षकांकडे ही यादी एका कागदावर लिहून दिलेली असावी.

दीर्घकालीन बाबी

शस्त्रक्रियेनंतर सुमारे दीड, तीन, सहा व बारा महिन्यांनी आणि पुढे दुसऱ्या वर्षी क्ष-किरण तपासणी होते. हाड जुळल्याचा निर्वाळा त्यातूनच मिळतो. व्रणावर पहिले वर्षभर कडक ऊन लागू न देणे हितावह असते. टिटॅनियमच्या सळ्या असताना एमआरआय सहसा करता येतो, तरी सळ्यांची माहिती आधी द्यावी लागते. विमानतळावरील यंत्र कधी सूचना देते, कधी देत नाही. सैन्यदलांच्या भरतीतील वैद्यकीय निकष कण्याबाबत कडक असल्याने त्या क्षेत्राची इच्छा असलेल्या विद्यार्थिनीने ते आधीच पाहून घ्यावेत. सांधणी कंबरेपर्यंत असल्यास पाठीच्या कण्यातून भूल देणे अवघड होऊ शकते. म्हणून शस्त्रक्रियेचा अहवाल व कोणते मणके सांधले याची नोंद घरात जपून ठेवावी व पुढील कोणत्याही शस्त्रक्रियेच्या किंवा बाळंतपणाच्या वेळी भूलतज्ज्ञास दाखवावी.